ज्या तोंडाकडे मी पाहिलं नाही

त्या दिवशी सकाळी मी आणि माझ्या बायकोनं अंगणात मोहफुलं निवडली. वाळलेल्या फुलांतला काडीकचरा काढायचा, एवढंच काम. दर चैतात हेच करत आलो. ती चटईच्या एका अंगाला बसली, मी दुसऱ्या. मी मुद्दाम अशी जागा धरली, की वारा माझ्याकडून तिच्याकडे जाईल. खरं लिहायचं ठरवलं आहे म्हणून हेही लिहितो. सुपारी-तंबाखूचा खर्रा खाऊन तिच्या गालाला कॅन्सर झाला होता, गाल फुटून भोक पडलं होतं, आणि त्याचा वास मला सोसत नव्हता.

"इकडे सावलीत या ना," ती पदराआडून म्हणाली. "तिथं उन्हात काऊन बसले?"

"मले ऊन पाह्यजे."

"बरं. मंग वाळा फुलाईसंगं."

आणि हसली. हसताना तिला दुखायचं, तरी हसली. तिला सगळं कळत होतं.

मी चौथी शिकलेला माणूस. आमचं गाव चामोर्शीच्या पुढे, जंगलाला लागून. आम्ही दोघं येशूचे झालो आणि गावपूजेत बसायचं सोडलं, तेव्हापासून गावानं आम्हाला बोलावणं सोडलं. लग्नात पंगतीला नाही, मरणात खांद्याला नाही. आमच्या प्रार्थनासभेत पाळक, म्हणजे आमचे धर्मगुरू, बायबलच्या जुन्या करारातला एक भाग वाचत. येशू मसीहा यायच्या कित्येक पिढ्या आधी एका संदेष्ट्यानं लिहून ठेवलेला, की तो येईल तेव्हा देखणा नसेल, लोक त्याला हलका समजतील, त्याला पाहून तोंड फिरवतील, आणि तो मात्र त्याच लोकांची दुखणी आपल्या अंगावर घेईल. मला तो भाग फार आवडायचा, कारण तो आमच्यावरच लिहिला आहे असं मी धरून चाललो होतो. आम्ही टाकलेले आणि गाव टाकणारं. सभेत आपला अनुभव सांगायला, साक्ष द्यायला उभा राहिलो की हेच ठणकावून सांगायचो. एकदा सभेहून येताना ती म्हणाली, "प्रभूच्या नावानं गावाले लय शिव्या देता तुमी." दोन दिवस मी तिच्याशी बोललो नाही.

मग तिचं दुखणं आलं. चंद्रपूरला डॉक्टर म्हणाले, उशीर झाला. मी तिचं सगळं केलं, असं लोक म्हणतील. औषध आणलं, पाणी भरलं, पेज शिजवली. पण पेजेची वाटी तिच्यापुढे सरकवून मी बाहेर जाऊन जेवायचो. जखमेची पट्टी ती स्वतःच बदलायची. तीन महिने मी तिच्या तोंडाकडे पाहिलं नाही. प्रार्थनेत डोळे मिटायचे असतात, तेवढं बरं वाटायचं.

फुलं निवडून झाल्यावर ती जराशी पडते म्हणून आत गेली, आणि दुपारी हाक मारली तर उठली नाही. मी पाळकांना फोन केला. ते म्हणाले, चार माणसं घेऊन दिवस मावळायच्या आत पोचतो, तोवर बाईंना आंघोळ घालून धुतलेलं लुगडं नेसवून ठेवा. मढ्याला धुणं हे बायकांचं काम. पण आमच्या सभेतली एकही बाई गावात नाही, आणि आम्हाला लेकरू नाही. शेजारची बाई पाण्याचे दोन हंडे, आमच्याकडचे गुंड, कुंपणापाशी ठेवून गेली, आत आली नाही. म्हणजे ती पट्टी मीच सोडायची होती. मी दारात बसलो. देवाला म्हटलं, हे काम माझ्यावरून टाळ. हा एवढाच शब्द, पुन्हा पुन्हा.

तेवढ्यात डोक्यावर टोपली घेतलेली एक बाई रस्त्यानं आली. बोलण्यावरून एटापल्लीकडची, गोंडाची वाटली. मी तिला आधी कधी पाहिलं नव्हतं.

"पाणी दे गा भाऊ."

"घरात मढं हाय, बाई. इथलं पाणी चालते का तुले?"

"कोन गेलं?"

"माही घरवाली."

"मंग तू दारात काऊन बसला? तिच्यापाशी कोन हाय?"

"कोनी नाई. तिच्या गालाले जखम हाय. मले तिचं तोंड पाहवत नाई."

तिनं टोपली खाली ठेवली. "तिनं तुहं पाह्यलं ना एवढे दिवस? तू का लय देखणा हायेस?"

मी स्वतःच्या तोंडावरून हात फिरवला.

"चाल, ऊठ. पाणी कोमट कर. माह्या मायले बी असंच झालं होतं."

तिनं तोंडातली तंबाखू थुंकली, चूळ भरली आणि आत गेली. माझ्या बायकोला तिनं असं धुतलं, जसं बाळंतीण लेकराला धुते. बोलत होती तिच्याशी आपल्या भाषेत. सगळं झालं आणि गालाची पट्टी तेवढी उरली. तेव्हा हात मागे घेऊन म्हणाली, "हे तू काढ. मी परकी."

मी काढली. किळस आली नाही असं सांगितलं तर खोटं होईल. आली, पण हात थांबला नाही. अर्धं तोंड जसंच्या तसं होतं, लग्नात पाहिलेलं. दुसरी बाजू मी कोमट पाण्यानं पुसत गेलो आणि मला कळलं, की तोंड फिरवणारे लोक म्हणून मी आयुष्यभर ज्यांच्याकडे बोट दाखवलं, त्यांच्यात पहिला मी. संदेष्ट्यानं तर 'आम्ही त्याला मानलं नाही' असं लिहून स्वतःलाही त्यांच्यातच धरलं होतं, मी मात्र तेवढं ऐकलं नव्हतं. तीन महिने प्रभू माझ्याच घरात तिच्या दुखण्याजवळ बसला होता आणि मी वारा पाहून जागा धरत होतो. मी तिथेच माफी मागितली, तिची आणि त्याची, दोघांची एकदमच. वेगवेगळी मागता आली नाही.

ती बाई गुंडातलं पाणी ओंजळीनं प्याली आणि टोपली उचलून गेली. नाव विचारायचं राहिलं. पुढे बाजारात चौकशी केली, कोणाला ठाऊक नव्हतं. ती साधी वाटसरू होती का देवानं धाडलेली, यावर मी वाद घालत नाही. तिला तहान लागली होती आणि ती माझ्या दारात थांबली, एवढं मला पुरतं.

पाळक आले. शेताच्या बांधाजवळ खड्डा खणायला घेतला, तर चैताची जमीन दगडासारखी. तेव्हा शेजारच्या बाईचा नवरा लोखंडी सब्बल घेऊन आला आणि न बोलता खणू लागला. मी हात जोडले, तर म्हणाला, "बाजूले व्हा भाऊ, पाय तुटंन."

काम टळावं म्हणून मी मागत होतो. ते टळलं नाही, करायला हात मिळाला. आता मी देवाला काय हवं ते सांगत बसत नाही. तो पुढ्यात ठेवतो त्याच्याकडे तोंड करून बसायचं, एवढं शिकलो, तेही ती गेल्यावर.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिच्या पट्ट्या घमेल्यात तशाच पडल्या होत्या. पाळक म्हणाले होते, जाळून टाका. पण त्या आजवर तिनं एकटीनं धुतल्या, अंगात ताप असतानासुद्धा. मी चुलीवर पाणी तापवलं, अंगणात बसलो, आणि एकेक पट्टी साबण लावून हातानं धुतली. रस्त्यानं माणसं जात होती. सगळ्या धुतल्या, पिळल्या आणि कुंपणावर वाळत घातल्या.