फाटकातून परत गेलेला पाहुणा

द्रौपदाबाई जळगावच्या एका दवाखान्यात आया होत्या. आई गेली तेव्हा धाकटी बहीण शिल्पा सहा वर्षांची होती. तिची वेणीफणी, शाळा, कॉलेज, सगळं द्रौपदाबाईंनी पाहिलं. पुढे त्यांचे यजमान वारले, मूलबाळ नव्हतं, आणि पोस्टात नोकरीला लागलेली शिल्पा त्यांच्याकडेच राहिली. तिचं लग्न आज-उद्या करता करता राहूनच गेलं.

रविवारी दुपारी जेवणं झाली की शिल्पा पडदे ओढायची आणि जुना सिनेमा लावायची. तिला जुन्या काळातल्या गोष्टी आवडत. कादंबरीवरून केलेले, घोडागाड्या आणि झुंबरं असलेले सिनेमे ती शोधून काढायची. परदेशातले असले तर हिंदी आवाजातले. द्रौपदाबाई लसूण सोलत बघायच्या. "एवढं मोठं घर, पण झाडतं कोण ते कधी दाखवत नाहीत," असं त्या म्हणाल्या की शिल्पा हसायची. काळ्यापांढऱ्या सिनेमातल्या बायका इतक्या सावकाश जिना कशा उतरतात, याचंही त्यांना नवल वाटे. एखादा चेहरा मात्र असा उजळून यायचा की लसूण हातात तसाच राही.

त्या रविवारचा सिनेमा इंग्रजांच्या काळातला होता. एक पोरकी मुलगी आत्याकडे राहते. तिला मागणी घालायला एक भला माणूस येतो. आत्या फाटकातच उभी राहते आणि म्हणते, तिची इच्छा नाही. माणूस छत्री उघडून निघून जातो. मुलगी वरच्या खोलीत दिवे पुसत असते. तिला काहीच कळत नाही.

द्रौपदाबाईंनी हातातली पाकळी न सोलताच वाटीत टाकली.

होळीच्या सुमाराला पारोळ्याहून अभिमनमामांचा शिल्पाच्या स्थळासाठी फोन आला होता. तिकडच्या प्रेमराज नावाच्या शिक्षकाची बायको वारली होती, दोन लहान मुली होत्या. "मानूस चांगला शे. पोरले इचारी देख," मामा म्हणाले होते. चार दिवसांनी त्यांनी पुन्हा फोन केला, तेव्हा द्रौपदाबाईंनी सांगून टाकलं होतं, "शिल्पा नाही म्हणते." शिल्पाला त्यांनी विचारलंच नव्हतं.

"काय दुष्ट बाई," पडद्याकडे बघत त्या म्हणाल्या. काहीतरी बोलायला हवं होतं.

"दुष्ट नाही गं अक्का," शिल्पा म्हणाली. "एकटी पडायची भीती वाटली असेल तिला."

द्रौपदाबाई चहाच्या निमित्ताने उठल्या. आधण उकळून आटलं तरी त्यांनी त्यात पत्ती टाकली नाही.

तो आठवडा त्यांना जड गेला. एके दिवशी त्यांनी वरण-बट्टी केली, शिल्पाच्या साड्यांना इस्त्री करून आणली. "आज काय विशेष?" शिल्पाने विचारलं, तेव्हा त्यांना रडू आवरेना, म्हणून त्या कपडे काढायला गच्चीवर गेल्या. माझ्याच हातची पोर, तिच्या भल्याचंच केलं, असं त्या मनाला सांगून पाहत. पण भलं कोणाचं, हे त्यांना ठाऊक होतं.

पुढच्या रविवारी शिल्पाने रिमोट उचलला तेव्हा त्या म्हणाल्या, "थांब. आज लावू नको."

आणि सगळं सांगितलं. शिल्पा खाली बघत ऐकत राहिली.

"मी नाहीच म्हटलं असतं कदाचित," रिमोट खाली ठेवत ती म्हणाली. "या वयात दोन पोरींची आई व्हायचं मला जमलं असतं का, कोण जाणे. पण ते माझं मला ठरवायचं होतं, अक्का."

"मी आत्ता मामांना फोन करते."

"कर."

द्रौपदाबाईंनी शिल्पाच्या समोरच फोन लावला. शिल्पाने नकार दिला नव्हता, आपणच खोटं सांगितलं, हे त्यांनी मामांना स्पष्ट सांगितलं. मामा म्हणाले, प्रेमराजचं लग्न वैशाखात झालं, नरडाण्याकडची मुलगी केली. फोन खाली ठेवून द्रौपदाबाईंनी ते शिल्पाला सांगितलं.

"बरं झालं. पोरींना कोणीतरी मिळालं," एवढंच म्हणून शिल्पा आत गेली.

भांडण झालं असतं तर द्रौपदाबाईंना सोसलं असतं. शिल्पा रागावली नाही, टाकून बोलली नाही. डबा घेऊन जायची, संध्याकाळी येऊन भाजी निवडायची. मात्र अक्का एकटी पडेल म्हणून धुळ्याची जी बदली तिने आजवर नाकारली होती, ती तिने या खेपेला घेतली. सामान बांधताना द्रौपदाबाईंनी तिची गादी गुंडाळून दिली. जाऊ नको हे शब्द ओठांवर आले होते, ते त्यांनी गिळले.

आता शिल्पा शनिवारी रात्री येते आणि सोमवारी पहाटेच्या बसने परत जाते. रविवारी दुपारी दोघी पुन्हा सिनेमा बघतात. पूर्वी शिल्पा परस्पर लावायची. परवा द्रौपदाबाई म्हणाल्या, "आज तुला कोणता बघायचाय?"

शिल्पाने त्यांच्याकडे पाहिलं. "आज नको. डोकं दुखतंय," ती म्हणाली, आणि भिंतीकडे तोंड करून झोपली. द्रौपदाबाईंनी पंखा तिच्या बाजूला वळवला आणि त्या आवाज न करता शेजारी बसून राहिल्या.