मागं कुणीतरी आहे

मी भित्री आहे, हे आधीच सांगून टाकते. नाहीतर पुढे लाठी, डोंगर वगैरे वाचून कुणी माझ्याबद्दल भलताच समज करून घ्यायचं. पाल अंगावर पडली तर मी आजही घर डोक्यावर घेते. पण ते झालं साधं भिणं. मी सांगते आहे ते भिणं आजारासारखं अंगात शिरलेलं होतं.

तेव्हा आम्ही लोणावळ्यात रेल्वेच्या लोकांच्या वस्तीत राहत होतो. नवरा घाटातल्या इंजिनावर होता. घरात सासू-सासरे आणि आम्ही दोघं. तापाची मोठी साथ आली त्या साली माझी मुलगी गेली. नुकती कुठे बोलायला लागली होती. ती गेली आणि माझ्या छातीत धडकी भरली ती भरलीच. भाकरी थापता थापता एकदम दम कोंडायचा, हातपाय गार पडायचे, आता आपण मरणार असं वाटायचं. मरत मात्र नव्हते. थोड्या वेळाने उठून पुढची भाकरी थापत होते.

अम्मांनी, म्हणजे माझ्या सासूबाईंनी, दर्ग्यातून ताईत आणला, दृष्ट काढली, दोन हकीम केले. शेवटी दवाखान्यातल्या डॉक्टरांनी सांगितलं, ‘यांना रोज मोकळ्या हवेत लांबवर चालायला पाठवा.’ मुंबईची माणसं आमच्या गावी हवा खायला येत, आणि आम्ही इथलेच असून चुलीचा धूर खात बसलेलो. अम्मांना हे औषध काही पटलं नाही. तरण्या सुनेनं रानात एकटीनं हिंडायचं म्हणजे काय? बऱ्याच वादानंतर त्या कबूल झाल्या, पण एका अटीवर. ‘एकदा जरी घाबरून पळत घरी आलीस, तर पुन्हा उंबरा ओलांडायचा नाही.’ ही अट माझ्या डोक्यावर टांगलेली असायची. घरात कोंडून राहिले तर मी वाचणार नाही, हे मला पक्कं ठाऊक होतं.

माझ्या बाजूने उभे राहिले ते अब्बा, माझे सासरे. तरुणपणी ते तळेगावच्या तालमीत लाठी शिकवत. मोहरमात ताबुतापुढे लाठी फिरवायला त्यांना गावोगावचं बोलावणं येई, आणि शिकायला हिंदू-मुसलमान दोन्ही घरांतली पोरं असत. ते म्हणाले, ‘पोरी, चालायला जायच्या आधी हातात काहीतरी पाहिजे.’ परसात दोरीवर लुगडी वाळत घालून त्यांनी आडोसा केला आणि मला लाठी शिकवायला सुरुवात केली. पहिल्याच दिवशी मी ती स्वतःच्याच कपाळाला मारून घेतली. अम्मा दारातून म्हणाल्या, ‘चोराला काही करायची गरजच पडणार नाही.’

हळूहळू मात्र हात बसला. पाय रोवून उभं राहणं, वार अडवणं, अडवताच उलटा वार करणं, सगळं जमू लागलं. पण अब्बांचा खरा भर होता तो गप्प राहण्यावर. ‘लाठी हातात आली की तोंड बंद. पाऊल वाजता कामा नये. आपण कुठं आहोत हे कळलं की निम्मी हार झाली.’ तालमीतली पोरं या नियमावर इतकी पोसलेली, की त्यांच्यातला कुणी मागे येऊन उभा राहिला तरी पत्ता लागत नसे. अब्बा तर घरातही तसेच चालत. चहा पिताना मान वर करावी तर हे समोर.

मग माझं चालणं सुरू झालं. कुरवंड्याच्या वाटेने निघायचं, नागफणीचा सुळका दिसू लागतो त्या चढापर्यंत जायचं आणि फिरायचं. पावसाळ्यात वाऱ्याने झाडांच्या फांद्या मोडून पडत, आणि त्या फांद्यांवर झाडावरच वाढणाऱ्या आमरीची रोपं असत, कधी तिच्यातलीच लांब तुऱ्याची सीतेची वेणी फुललेली. ती मी उचलून आणायची आणि परसातल्या आंब्याच्या खोडाला काथ्याने बांधायची. अम्मा म्हणत, ‘आणलंस आणखी एक बांडगूळ?’ बांडगूळ झाडाचं खातं, आमरी नुसती झाडावर बसते, हे मी त्यांना पुष्कळदा समजावलं. त्यांना ते कळत होतं, पण चिडवायची संधी त्या सोडत नव्हत्या. त्या रोपांना नवं मूळ फुटलेलं दिसलं की मला दिवसभर बरं वाटे.

वाटेत कुरवंड्याची एक मावशी भेटायची. ती दूध घालायला लोणावळ्यात येई आणि सगळी वाट काठी दगडांवर आपटत, मोठमोठ्याने गात जाई. एकदा मला म्हणाली, ‘बाई, तुमी अशा चोरावानी का चालता? धुकं पडल्यावर गप चालू न्हाई. आमी समदी बोंबलतच जातो. जनावर बी मान्साला भितंय, पर मानूस हाय ह्ये त्याला कळाय तर पायजे.’ जनावर म्हणजे बिबळ्या. त्याचं नाव कुणी घेत नसे. त्या पावसाळ्यात त्याने वस्तीच्या कडेची कुत्री उचलायला सुरुवात केली होती. मी मान डोलावली, पण गायले नाही. रस्त्यात गाणारी बाई आमच्या घरात खपली नसती, आणि अब्बांचा नियम तर अंगात मुरला होता.

आणि मग ते सुरू झालं. मागं कुणीतरी आहे, असं मला वाटू लागलं.

आवाज नव्हता. आवाज असता तर बरं झालं असतं. एखादा पक्षी मी पुढे गेल्यावर पुष्कळ वेळाने उडायचा. मी थांबले की मागे काहीतरी थांबल्यासारखं वाटायचं. वळून पाहावं तर ओली करवंदीची जाळी. कधी वाटे जनावर आहे, कधी वाटे माणूस आहे, आणि माणसाच्या विचाराने जास्त घाम फुटे. छाती पुन्हा पहिल्यासारखी उडू लागली. एकदा तर मी वाटेतच खाली बसले आणि दगडाला धरून श्वास मोजत राहिले.

हे कुणाला सांगणार? अम्मांना सांगितलं तर उंबरा बंद. नवऱ्याला सांगितलं तर तो त्यांनाच सांगणार. अब्बांना सांगावंसं फार वाटे, पण त्यांनी माझ्यावर इतकी मेहनत घेतलेली. मी त्यांच्याकडे नुसता आणखी एक डाव मागितला, मागून आलेल्याला कसं गाठायचं तो. ते माझ्याकडे जरा वेळ बघत राहिले. मग म्हणाले, ‘आडोशाला व्हायचं. त्याला पुढं येऊ द्यायचं. आणि विचार करत बसायचं नाही.’

श्रावणातल्या एका सकाळी धुकं इतकं दाट पडलं की पुढचं पाऊल दिसेना. घरी बसले असते तर अम्मांनी घाबरली म्हणून हिशेबात धरलं असतं, म्हणून निघाले. डोक्यावर इरलं, हातात लाठी. चढाच्या अलीकडे मान एकदम ताठ झाली. मागं कुणीतरी होतं. या वेळी खडा सरकलेला मी कानांनी ऐकला.

मी एका मोठ्या दगडाआड झाले. इरलं उतरवून ठेवलं. छातीचे ठोके त्याला ऐकू जातील असं वाटत होतं. धुक्यात काहीतरी हललं. खाली वाकलेलं, पाठीला भलं मोठं कुबड, डोकंच नाही असं. ना माणूस, ना जनावर. ते दगडापाशी आलं आणि मी विचार केला नाही. होता नव्हता तेवढा जोर लावून लाठी घातली.

लाकडावर लाकूड आदळलं. वार अडवला गेला होता. पण त्या धक्क्याने ते कुबड मागे कोलमडलं, चिखलात बसलं, आणि त्याच्या डोक्यावरची घोंगडी घसरली. खाली अब्बा होते.

माझी लाठी त्यांच्या लाठीवर, कानापासून चार बोटांवर अडली होती. आणखी जरा उशीर झाला असता तर मी त्यांना मारलंच होतं. मी त्यांच्या शेजारी चिखलातच बसले.

‘कधीपासून येताय?’ मी शेवटी विचारलं.

‘पहिल्या दिवसापासून.’

‘रोज?’

‘रोज. तुझ्या सासूला वाटतं मी मशिदीत बसतो.’

‘मग मला शिकवलंत कशाला?’

अब्बा बराच वेळ घोंगडीचं पाणी पिळत राहिले. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, ‘तुला धीर यावा म्हणून शिकवलं. मला नाही ना आला. तुझ्या लेकीला तापानं नेलं तेव्हा मी उशाशी बसलेलो होतो, पोरी. इतकी वर्षं लाठी फिरवली, तिच्यासाठी काय करता आलं? आता तूही दाराबाहेर पडलीस की मला घरात बसवत नाही. हाक मारावीशी वाटायची. पण हाक मारली तर तुला कळेल, म्हातारा घाबरला.’

मला त्यांचा भयंकर राग आला आणि त्याच वेळी रडूही आलं. कितीतरी दिवस मी ज्याला भीत होते ती त्यांची माया होती, आणि तिने मला जवळजवळ पुन्हा अंथरुणाला खिळवलं होतं. ते एक शब्द बोलले असते, नुसते खाकरले असते, तर माझं ते सगळं भिणं टळलं असतं. मीही एक शब्द बोलले नव्हते. दोघंही एकाच तालमीतले.

‘अब्बा, उद्या येऊ नका,’ मी म्हटलं.

घरी जाताना आम्ही बरोबरीने चाललो. अम्मांना त्यांनी सांगितलं की मशिदीच्या पायरीवर पाय घसरला.

दुसऱ्या दिवशी मी निघाले तेव्हा ते ओसरीवर बसून होते, दोन्ही हात गुडघ्यांवर घट्ट धरून. धुकं होतंच, पण कालच्यापेक्षा विरळ. वस्ती मागे पडली, चढ लागला. पक्षी मी जवळ आले की लगेच उडत होते आणि माझ्यामागे पुन्हा येऊन बसत होते. मी थांबले, कान देऊन ऐकलं. मागं कुणी नव्हतं. इतके दिवस ज्याच्यासाठी दुवा मागितली ते झालं होतं, आणि त्या रिकाम्या वाटेवर मला जेवढी भीती वाटली तेवढी आयुष्यात कधी वाटली नाही. मागून कुणी येणार नव्हतं. खरंच काही झालं असतं तर माझ्यापाशी फक्त मी होते.

पाय वळत होते घराकडे. मी त्यांना रडत रडत चढावर नेलं.

परत आले तेव्हा अब्बा तिथेच बसलेले होते. चहाचा कप भरलेला आणि गार झालेला. त्यांनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि हळूच विचारलं, ‘भीती वाटली?’

‘फार,’ मी म्हटलं.

‘मलाही,’ ते म्हणाले, आणि सरकून त्यांनी मला बसायला जागा करून दिली.