आजीची टोपली

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्यालाही नाही — आणि त्याला तर मी दूध उतू गेलं तरी सांगते. तुम्हाला का सांगतेय? तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून असेल.

मी नाटक शिकवते. आता मुलांना कमी, त्यांच्या शिक्षकांना जास्त. बोरिवलीपासून मुलुंडपर्यंत बऱ्याच शाळांत माझा एक खेळ चालतो. मध्ये रिकामी टोपली ठेवायची. एकेकाने येऊन तिच्यातून न दिसणारी वस्तू उचलायची. नियम एकच — वजन आधी, नाव नंतर. हातांना भार जाणवला पाहिजे, मग बाकीच्यांनी ओळखायचं. तोंडातून शब्द न काढणारी मुलं या खेळात बोलायला लागतात. हा कसा सुचला असं कुणी विचारलं, की मी सांगते — माझी आजी डोक्यावर टोपली घेऊन बाजाराला जायची... ऐकणाऱ्यांचे डोळे भरून येतात.

माझी आजी एका कचेरीत टायपिस्ट होती. टोपली तिने उचलली असेल तर धुतलेल्या कपड्यांची.

खेळ सुनंदाचा आहे. सुनंदा मनोरीची, तिथल्या बालवाडीत शिकवायची. तिची आई मासळी विकायची. आमचं पहिलं उन्हाळी शिबिर आम्ही दोघींनी मिळून घेतलं, बोरिवलीतल्या पालिकेच्या एका शाळेत. ती रोज बोटीने खाडी ओलांडून यायची. मी नाट्यशास्त्राची पदवी घेऊन आलेली — श्वासाचे व्यायाम, शब्दोच्चार, सगळं वहीत लिहिलेलं — आणि समोर मुलं मख्ख. तिसऱ्या दिवशी सुनंदाने आईची टोपली आणून मध्ये ठेवली. पदराला हात पुसले, वाकली, आणि त्या रिकाम्या टोपलीतून असं काही उचललं, की मागे बसलेली एक मुलगी नाक मुरडून म्हणाली, "ई, सुकट." शिबिर सुरू झाल्यापासून ती पहिल्यांदा बोलली होती.

मला आधी हसू आलं. मग हेवा वाटला. तो हेवा मी कौतुकाखाली झाकला, आणि तो छान झाकला गेला.

पुढे एका संस्थेच्या वर्षभराच्या प्रशिक्षणासाठी आम्ही दोघींनी एकच अर्ज केला. पत्ता माझा दिला. पत्र आलं — दोघींनी मुलाखतीला या, टोपलीचा खेळ करून दाखवा.

इथे मी नेहमी थांबते. मनातल्या मनात सांगतानासुद्धा.

तिने मला दोनदा विचारलं. दुसऱ्यांदा मार्वेच्या धक्क्यावर, मी तिला सोडायला गेले होते तेव्हा. "पत्र आयलं का गो?"

"नाही गं. आपल्याला घेतलं नसेल."

पत्र माझ्या पर्समध्ये होतं. ती म्हणाली, "तू परत अर्ज कर गो. तुझं तरी होऊ दे." आणि बोटीत चढली.

मुलाखतीत मी सांगितलं, तिच्या घरच्यांना पसंत नाही. ज्या आईने धंद्याची टोपली काढून दिली, त्या आईच्या नावावर हे खपवलं. का केलं? ती उभी राहिली असती, तर माझ्याकडे कुणी पाहिलं नसतं. एवढंच कारण होतं. आयत्या बिळावर नागोबा म्हणतात ना — तो मी. पुढचं सगळं त्या एका वर्षातून आलं. नाव, कामं, माझी पुस्तिका. पुस्तिकेच्या पहिल्या पानावर छापलंय — वजन आधी, नाव नंतर.

गेल्या वर्षी अंधेरीत शिक्षकांचं शिबिर होतं. नावांची यादी मी कधी वाचत नाही. गोलात पाहिलं, तर सुनंदा. केस पांढरे झालेले, अजून बालवाडीतच. मला तेव्हा बोलता आलं असतं, नाही का? कुणीतरी विचारलंच, मॅडम, हा खेळ तुम्हाला कसा सुचला? आणि मी — तिच्यासमोर — आजी सांगितली. बाजारासकट.

तिची पाळी आली. तिने पदराला हात पुसले, वाकली, दोन्ही हातांनी काहीतरी जड उचललं आणि कमरेवर घेतलं. बराच वेळ तशीच उभी राहिली. कुणालाच ओळखता आलं नाही. मी विचारलं, काय होतं?

"काय नाय, मॅडम. मला जमलं नाय."

मॅडम. पूर्वी ती मला गो म्हणायची.

शेवटी सगळ्यांनी अभिप्रायाचे फॉर्म भरले. तिच्या फॉर्मवर होतं : खेळ नवीन होता. आवडला. मुलांसोबत करून बघेन. खाली पूर्ण नाव, बालवाडीच्या बाईंचं असतं तसं गोल, सुटं अक्षर. विसरली असेल का ती? नाही. मला माहीत आहे, नाही.

हे फॉर्म संस्थेत जमा करायचे असतात. तिचा मी घरी आणला आणि त्या जुन्या पत्राच्या घडीत ठेवला. पुढच्या आठवड्यात मुलुंडला शिबिर होतं. तिथेही एका बाईंनी विचारलं, खेळ कसा सुचला. मी आजी सांगितली.