साठीच्या वरच्यांना बंदी

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. बायकोलासुद्धा नाही. तुम्हाला सांगतोय — का, ते विचारू नका.

कोरोनाची दुसरी लाट ओसरली आणि त्या हिवाळ्यात आम्ही ठरवलं, बर्फात जायचं. स्की करायला, थेट जॉर्जियाला! लातूरच्या माणसानं आयुष्यात बर्फ पाहिला तो रसवंतीतला. घरात नुसता धिंगाणा. पोरं गादीवरून घसरायची, बायको मोबाईलवर जाड जाकिटं बघायची. नियम आठवड्याला बदलायचे. कोणता देश उघडला, कोणता मिटला, किती डोस, कुठली टेस्ट — सकाळी उठून ते वाचायचं काम माझं. ‘जॉर्जिया चालू!’ असं मी ओरडलो की चहा राहायचा बाजूला.

सगळ्यात जास्त हुरूप कुणाला? अप्पांना, माझ्या वडिलांना. सत्तरीला आलेले, गंजगोलाईच्या बाजारात भांड्यांचं दुकान. भर दुपारी स्वेटर घालून, दोन्ही हातांत काठ्या धरून अंगणात वाकून उभे. शेजाऱ्यांना म्हणायचे, “तयारी करायलोय. बर्फात असंच उभं ऱ्हावं लागतंय.”

मीही हसायचो. पण मनात — कसं सांगू? अप्पा मोठ्यानं बोलतात. धोतर सोडत नाहीत. पाच मिनिटांत परक्याला घरचं सगळं सांगून मोकळे होतात. परदेशात, त्या झकपक लोकांत, ते माझ्याशेजारी असणार... मला लाज वाटली. हो, लाजच. दुसरा शब्द शोधला, सापडला नाही.

‘तुम्ही नका येऊ’ म्हणायची छाती होती का माझी? नव्हती. म्हणून एका सकाळी मोबाईल बघत मी म्हणालो, “अप्पा, नवा नियम आलाय. साठीच्या वरच्यांना बंदी.”

असा नियम नव्हता. कुठंच नव्हता.

अप्पांनी हातातल्या काठ्या भिंतीला टेकवल्या. मग म्हणाले, “सरकारचा नियम हाय म्हणल्यावर काय करावं? तुमी जावा. लेकरायला बर्फ दावा.” आणि स्वेटर काढून नातवाच्या बॅगेत ठेवला.

आम्ही गेलो. लई मजा आली, खोटं कशाला बोलू? पडलो, उठलो, पोटभर हसलो. रोपवेत समोर एक म्हातारा बसला होता — अप्पांपेक्षा थकलेला, बायकोचा हात धरून. माझी बायको त्याच्याकडं बघून म्हणाली, “अहो, हे कसे आले?”

“इथलेच असतील,” मी म्हणालो.

पुढं सगळे निर्बंध उठले. अप्पांनी जेवताना विचारलं, “आता म्हाताऱ्यायला सोडायलेत का रे?”

“बघतो, अप्पा,” मी म्हणालो.

बघितलं नाही. ते अजून दुकानात बसतात. गिऱ्हाईकाला आमचे बर्फातले फोटो दाखवतात, आणि आपण का नाही त्यात, तेही समजावून सांगतात.