दरवेळी पेशंट मीच

"तू झोप कॉटवर. तुला नाटक करायची गरजच नाही," मॅडम म्हणाल्या. अख्खा वर्ग फिदीफिदी हसला.

धुळ्याचं कॉलेज. ऑक्युपेशनल थेरपी शिकायला आलेली मी, सातपुड्याच्या पायथ्याची. लुळ्या पडलेल्या माणसाला पुन्हा जेवायला, अंगात कपडा घालायला शिकवायचं, हे आमचं काम. त्याआधी पेशंटशी बोलायचं कसं, याचा सराव. एकजण थेरपिस्ट, एकजण पेशंट. पाळीपाळीनं. पण माझी पाळी कधी बदललीच नाही. माझाच उजवा हात ओढणीनं बांधायचा, मीच लुळी. "तुझा चेहराच पेशंटचा आहे गं," मैत्रिणी म्हणायच्या. मैत्रिणी कसल्या! मेसमध्ये माझ्याशेजारी कुणी ताट घेऊन बसत नव्हतं.

आईचा फोन यायचा, सगळं बरं आहे ना ते विचारायला. "बठ्ठं बरं शे ना, माय?"

"बरं शे," मी म्हणायची. फोन ठेवला की भिंतीकडं तोंड करून पडायची. सांगणार तरी कुणाला?

त्या दिवशी जळगावच्या एका डॉक्टरांची पोरगी थेरपिस्ट होती. खुर्चीवर पाय हलवत तिनं विचारलं, "आजीबाई, संडासला कुठं जाता? शेतात ना? बसून दाखवा की."

वर्गात पोरींसोबत पोरंही होती. मॅडम ओठ दाबून हसत होत्या.

डोकंच फिरलं माझं. दातांनी ओढणीची गाठ सोडली. "ऊठ," म्हटलं तिला. ती उठली. मी खुर्चीवर बसले.

"मॅडम, आज मी विचारणार."

"आधी नीट बोलायला शीक."

"तेच शिकायला आले. शिकवा."

मॅडमनी वर्गाकडं पाहिलं. "कोण झोपतंय हिच्यासमोर?"

कुणी हललं नाही. एकही जण नाही. मॅडम सगळ्यांना घेऊन शेजारच्या खोलीत गेल्या.

मी रिकाम्या कॉटलाच विचारत राहिले. "अक्का, बसू का जवळ? काय करायला जमत नाही? आधी काय जमावंसं वाटतं?" रडू येत होतं. इतकं एकटं मला कधीच वाटलं नव्हतं. तरी सगळे प्रश्न विचारले.

आता वर्गात माझ्याशी कुणी बोलत नाही. प्रॅक्टिकलचे मार्क मॅडमच्याच हातात आहेत. कापा. नापास करा. पुन्हा बसेन परीक्षेला, परत परत बसेन. थेरपिस्ट होऊनच इथून बाहेर पडणार, तुमच्या नाकावर टिच्चून.