छापलेले दीड हजार

बेरिल ओल्डरॉइड हडर्सफील्डच्या एका बँकेत काचेमागे एकतीस वर्षं बसल्या. शाखा बंद झाली, त्या जागी पिझ्झाचं दुकान आलं, आणि बेरिलबाई आमच्या विद्यापीठात विद्यार्थी संघाच्या चौकशी टेबलावर आल्या. आठवड्याला बारा तास. मी संगणक शाखेच्या पहिल्या वर्षाला होते आणि त्याच टेबलावर शनिवारी काम करायचे. पहिल्या दिवशी त्यांनी मला खुर्ची दाखवली, किटली दाखवली आणि म्हणाल्या, "पोरी, इथे येणारी निम्मी मुलं शौचालय कुठंय विचारतात. उरलेली पैशांचं विचारायला येतात, पण सुरुवात शौचालयापासूनच करतात."

हे खरं होतं.

दर सप्टेंबरला नव्या मुलांसाठी मोठ्या हॉलमध्ये मेळावा भरायचा. बोट क्लब, बुद्धिबळ, कवायत, चर्च, मशीद, सगळ्यांची टेबलं, आणि दारातून आत शिरताच सर्वांत मोठा तंबू बँकेचा. तंबूवर हाताएवढ्या अक्षरांत: विद्यार्थी खातं उघडा, दीड हजार पौंडांपर्यंत बिनव्याजी ओव्हरड्राफ्ट. म्हणजे खात्यात पैसे नसतानाही दीड हजारांची उचल, व्याज शून्य. वर एक थर्मास फुकट. मुलं रांगेत उभी राहायची. अठरा वर्षांच्या मुलाला दीड हजार हा आकडा दिसतो. त्याच्यापुढे छापलेलं 'पर्यंत' दिसत नाही, त्याखाली बारीक अक्षरांत लिहिलेली पत तपासणी तर मुळीच नाही.

टॅमझिन अशीच एक. ग्रिम्झबीची, वडील मासळी बाजारात हमाल. माझ्याच वर्षाला. आमच्या गावात पुढच्या वर्षाच्या घरांचे करार नोव्हेंबरातच होतात. जो थांबतो त्याला उरलेली ओल धरलेली घरं मिळतात. टॅमझिन आणि तिघी मैत्रिणींनी टेकडीवरचं एक घर पाहिलं. प्रत्येकीचे अनामत आणि फी मिळून चारशे वीस पौंड. टॅमझिननं हिशेब केला होता: दीड हजार आहेतच. करारावर सही करण्याच्या आदल्या दिवशी तिनं पहिल्यांदा खात्यात नीट पाहिलं. मर्यादा तीनशे. त्यातले एकशे नव्वद पुस्तकं आणि बसच्या पासात गेलेले.

ती टेबलापाशी आली आणि शौचालय कुठंय असं विचारलं. बेरिलबाईंनी खुर्ची पुढे सरकवली.

"फोनवर मर्यादा वाढवा असं बटण आहे," टॅमझिन म्हणाली. "मी चारदा दाबलं."

"पाचव्यांदा दाबू नकोस, बाळा. प्रत्येक अर्जाची नोंद राहते. पुढचा बघणारा म्हणतो, ही फारच नडलेली दिसते."

"पण त्यांनी दीड हजार म्हटलं होतं."

"दीड हजारांपर्यंत म्हटलं होतं. शून्यसुद्धा दीड हजारांपर्यंतच येतं."

"मग कुणाला मिळतात?"

"ज्याचं नाव मतदार यादीत आहे, जो एका पत्त्यावर बरीच वर्षं राहिलाय, ज्याच्या नावावर फोनचं बिल आहे आणि ते वेळेवर भरलंय. तू किती पत्ते बदललेस?"

टॅमझिननं बोटांवर मोजले. आई-वडील वेगळे झाल्यापासून पाच.

बेरिलबाईंनी विद्यापीठाच्या मदत निधीचा अर्ज तिच्यासोबत बसून भरला. पैसे तीन आठवड्यांनी आले. तोवर घर गेलं होतं, टॅमझिनच्या जागी तिघींनी दुसरीच मुलगी घेतली होती. पुढचं वर्षभर टॅमझिन रेल्वेपुलाखालच्या एका खोलीत अनोळखी लोकांत राहिली. मोठं काही घडलं नाही. नापास झाली नाही, पळून गेली नाही. त्या तिघी भेटल्या की हसायची, आणि मग रस्ता ओलांडायची.

त्या दिवशी अर्ज भरून झाल्यावर बेरिलबाईंनी पर्समधून सोडतीच्या तिकिटांचं गुलाबी पुस्तक काढलं. त्यांच्या क्लबात दर रविवारी मांसाच्या बक्षिसांची सोडत निघायची. विकता विकता काही पुस्तकं उरायची. त्यांनी एक तिकीट फाडून टॅमझिनपुढे ठेवलं. "मागे लिही. छापलं किती, मिळालं किती. नाव नको."

टॅमझिननं लिहिलं: छापलं १५००. मिळालं ३००. घर गेलं.

पुढच्या सप्टेंबरपर्यंत अशी एकशे बारा तिकिटं झाली. टेबलावर जो येईल त्याला बेरिलबाई एक तिकीट द्यायच्या. मला फार उत्साह आला. मी त्याचा तक्ता केला, आलेख काढला, सरासरी काढली: सहाशे दहा पौंड.

बेरिलबाईंनी चष्मा लावून पाहिलं. "छान काढलंयस. यातल्या किती जणांना सहाशे दहा मिळाले?"

मी पाहिलं. एकालाही नाही. कुणाला पाचशे, कुणाला शंभर, कुणाला शून्य, आणि काहींना खरोखरच पूर्ण दीड हजार.

"मग सरासरी कुणाला दाखवायची?" त्या म्हणाल्या, आणि दुसऱ्या दिवशी घरून कपडे वाळत घालायची दोरी आणि लाकडी चिमट्यांची पिशवी घेऊन आल्या. मेळाव्यात, बँकेच्या तंबूच्या बरोबर समोर, दोन खांबांमध्ये दोरी बांधली आणि एकशे बारा गुलाबी तिकिटं टांगली.

काही मुलं थांबून वाचत. बरीचशी थर्मासकडे जात.

तरी बँकेला ते लागलं. पुढच्या वर्षी मेळाव्याच्या आधीच्या गुरुवारी संघाचा व्यवस्थापक ग्रेग टेबलापाशी आला. चौतिशीचा माणूस, इथेच शिकलेला, इथेच राहिलेला, कॉलर नेहमी कडक इस्त्रीची. बेरिलबाईंनी त्याला चहा दिला.

"बेरिल, यंदा दोरी नको."

"का? चिमटे कमी पडले का?"

"थट्टा नाही. बँक म्हणते, दोरी असेल तर तंबू नाही. आणि तंबूच्या भाड्यातून..." तो थांबला.

"बोल की."

"तुमचे बारा तास त्या भाड्यातूनच निघतात. दुसरीकडून काढायला माझ्याकडे काही नाही. मी शोधलं."

"तू शोधलंस हे मला माहीत आहे."

"सोमवारपर्यंत सांगा."

"तुझ्या आईचा गुडघा कसा आहे?"

"बरा आहे. माझे शर्ट अजून तीच धुते, तीच इस्त्री करते."

"चौतीस वर्षांचा घोडा झालास, ग्रेग."

तो हसला, चहा संपवून गेला. मी चिडले होते. म्हटलं, "त्यांना घाबरायचं नाही हं. दोरी लावायचीच."

बेरिलबाई कप विसळत होत्या. "मी त्रेसष्ट वर्षांची आहे. साठीला मिळणार म्हणून सांगितलेलं पेन्शन सरकारनं सहासष्टवर नेलं. अजून तीन वर्षं. या वयात मला दुसरं काम कोण देणार? घराचं भाडं या बारा तासांतून जातं."

"पण टॅमझिन..."

"टॅमझिनला मी विसरलेली नाही." त्यांनी कप पालथा घातला. "बँकेची असली पत्रकं एकतीस वर्षांतली शेवटची पंधरा वर्षं मीच वाटलीत. साहेब सांगायचे, मोठा आकडा बोटानं दाखवा, बाकीचं विचारलं तर सांगा. कुणीच विचारायचं नाही. मीही कधी आपणहून सांगितलं नाही. तेव्हाही मला घराचं भाडं होतंच."

शनिवारी त्या नेहमीसारख्या कामावर आल्या. तिकिटांची पुस्तकं रचली, शौचालयाचा रस्ता दाखवला, आल्याचा केक सगळ्यांना वाटला. मला वाटत होतं, सोमवारी त्या येतील आणि पिशवीतून दोरी काढतील.

सोमवारी मेळावा भरला. तंबू उभा राहिला, थर्मासच्या खोक्यांचा ढीग लागला. समोरच्या दोन खांबांमध्ये काहीच नव्हतं. बेरिलबाई आपल्या टेबलावर शांत बसून होत्या.

"घाबरलात ना?" मी विचारलं. आज आठवलं की लाज वाटते.

"हो," त्या म्हणाल्या. "घाबरले. शौचालय जिन्याखाली, बाळा, डावीकडे." हे शेवटचं वाक्य माझ्यामागे उभ्या असलेल्या मुलाला होतं.

त्या दिवशी तंबूत ऐंशी खाती उघडली. मी मोजत होते.

त्या वर्षी मी वसतिगृहात राहायचे. नव्या मुलांवर लक्ष ठेवण्याच्या बदल्यात खोली स्वस्त मिळत होती. बुधवारी संध्याकाळी कपड्यांचं गाठोडं घेऊन तळघरातल्या धुण्याच्या खोलीत गेले. आठ मशीनं, एक बाक, भिंतीला ओलाव्याचा वास. आणि मशीनांच्या वर, या टोकापासून त्या टोकापर्यंत, दोरी. तिच्यावर गुलाबी तिकिटं. गेल्या वर्षीची एकशे बारा, आणि त्यानंतर वर्षभरात जमलेली त्याहून जास्त.

बाकावर पाच मुलं बसली होती. तळघरात फोनला रेंज नव्हती. एका धुण्याला अठ्ठेचाळीस मिनिटं लागतात. पाचही जण वर माना करून वाचत होते.

"शून्य?" एक मुलगा म्हणाला. "शून्य कसं देतात?"

"हे बघ, याला सगळे मिळालेत."

"त्याचा बाप बँकेचा मालक असणार."

"तुला किती मिळाले?"

"माहीत नाही. दीड हजार ना?"

"बघितलंस का?"

मुलगा जिना चढून वर रेंजमध्ये गेला. परत आला तेव्हा चेहरा उतरला होता. दोरीच्या टोकाला पिशवी टांगलेली होती. तिच्यात कोरी तिकिटं, चिमटे आणि पेन्सिलीचा तुकडा. त्यानं लिहून टांगलं: छापलं १५००. मिळालं ५००. बरं झालं आज बघितलं.

वसतिगृहाची साफसफाई आणि किल्ल्या डेलरॉय नावाच्या माणसाकडे होत्या. मी त्यांना विचारलं, परवानगी कुणी दिली?

"परवानगी कसली?" डेलरॉय म्हणाले. "बाई रविवारी चर्चनंतर आल्या. म्हणाल्या, डेलरॉयभाऊ, धुण्याच्या खोलीत कपडे वाळत घालायची दोरी लावू का? धुण्याच्या खोलीत दोरी नको म्हणणारा माणूस अजून जन्मायचाय. शिडी मीच धरली."

म्हणजे मी त्यांना सोमवारी घाबरलात का म्हणून विचारलं, तेव्हा दोरी लागून एक दिवस झाला होता. आणि घाबरले म्हणाल्या तेही खोटं नव्हतं. बँकेला कळलं असतं तर बारा तास गेलेच असते.

ऑक्टोबरभर टेबलावर वेगळेच प्रश्न येऊ लागले. मुलं नोव्हेंबरच्या करारांआधी यायची आणि शौचालयाचं न विचारता थेट म्हणायची, माझी मर्यादा दोनशे आहे, घराचं काय करू? बेरिलबाई मदत निधीचा अर्ज वेळेत भरून घ्यायच्या, मतदार यादीत नाव घालायला लावायच्या, आणि म्हणायच्या, "आज पडद्यावर जेवढं दिसतंय तेवढंच तुझं. उरलेलं कागदावर राहू दे."

महिन्याच्या शेवटी एका दुपारी मी धुण्याच्या खोलीत होते आणि बेरिलबाई नवी तिकिटं ठेवायला आल्या होत्या. दार उघडलं. ग्रेग. हातात काळी पिशवी, कॉलर चुरगळलेली.

आम्ही दोघी जागच्या जागी उभ्या राहिलो. त्यानं दोरीकडे पाहिलं. या टोकापासून त्या टोकापर्यंत पाहिलं.

"आईचं मशीन बिघडलंय," तो म्हणाला.

"सहा नंबर चांगलं आहे," बेरिलबाई म्हणाल्या. त्यांचा आवाज नेहमीसारखा होता, हातातला चिमटा मात्र घट्ट आवळलेला होता. "पांढरे वेगळे कर."

त्यानं पांढरे वेगळे केले. पावडर किती टाकायची ते विचारलं. मशीन सुरू झालं आणि तो बाकावर बसला. अठ्ठेचाळीस मिनिटं दुसरं काही करण्यासारखं नव्हतं. तो वाचत राहिला.

"बँकेनं मेळाव्याचा अहवाल मागितला होता," शेवटी तो म्हणाला. "मी कळवलं, यंदा मेळाव्यात दोरी नव्हती. यात काही खोटं नाही ना?"

"काही नाही," बेरिलबाई म्हणाल्या.

"पुढच्या वर्षीच्या तंबूचे पैसे त्यांनी भरलेत."

बेरिलबाई बाकाच्या दुसऱ्या टोकाला बसल्या. मग पिशवीतून एक कोरं तिकीट काढून त्याच्या मांडीवर ठेवलं.

ग्रेगनं पेन्सिल घेतली, थोडा विचार केला आणि लिहिलं. उंच होता, चिमटा लावायला त्याला शिडी लागली नाही. तो कपडे घेऊन गेल्यावर मी जवळ जाऊन वाचलं.

सन २००२. छापलं १२५०. मिळालं २५०. आईनं अंगठी विकली.