गोरखचिंचेची सावली

त्र्यंबक रस्त्यालगतच्या एका जुन्या आवारात गोरखचिंच आहे. परवा तिच्याखाली पडलेलं मखमली सालीचं फळ उचललं, दगडावर फोडलं आणि आतला पांढरा, पिठाळ गर जिभेवर ठेवला. “फार आंबट आहे का?” माझा चेहरा पाहून पत्नीनं विचारलं. माझं मन केव्हाच टांझानियाच्या माळरानात पोहोचलं होतं. हे झाड मूळचं तिथलंच.

तरुणपणी सातपूरच्या एका कारखान्यानं मला तिकडे वीजवाहिनीच्या आखणीवर पाठवलं होतं. पिवळं गवत, काटेरी बाभळी आणि मधूनच एखादी अवाढव्य, पोकळ बुंध्याची गोरखचिंच. अशाच एका झाडाशेजारी एक म्हातारी राहायची. मला ताप आला तेव्हा फळाचा गर पाण्यात कोळून तिनं पाजला. मी बरा झालो, तरी ती रोज दुपारी झाडाखाली त्या पाण्याचा पेला घेऊन यायची आणि मी पिईपर्यंत समोर बसून राहायची.

आमची वाहिनी नेमकी त्या झाडावरून जात होती. एके दिवशी तिनं आमच्या तिथल्याच ड्रायव्हरकरवी विचारलं, “बाळा, तार थोडी वळवता येणार नाही का?”

येत होती. वाहिनी वळवायला दोन मनोरे जास्त लागले असते, काम काही आठवडे लांबलं असतं आणि माझं घरी परतणंही. मी म्हणालो, “नाही येणार, आजी.” तिनं लगेच विश्वास ठेवला.

झाड पाडलं त्याच्या दुसऱ्या दिवशीही तिनं पेला आणला. मी प्यायलो. ते खोड लाकडासारखं टिकलं नाही. आठवड्या-आठवड्यानं खचत गेलं, शेवटी ओल्या धाग्यांचा ढीग उरला.

त्या गावात आता दिवे लागत असतील, त्या उजेडात कुणी पुस्तक उघडत असेल. याचा मला खरोखर आनंद आहे. पण त्यानं माझं खोटं पुसलं जात नाही. काळ सगळ्यावर माती टाकतो म्हणतात; माझ्याबाबतीत त्यानं फक्त इतर सगळं पुसून एवढंच स्वच्छ ठेवलं आहे. भर उन्हात ती म्हातारी चालत येते, पूर्वी सावली जिथे सुरू व्हायची नेमकी तिथे थांबते, सवयीनं डोक्यावरचं फडकं उतरवते आणि उघड्या माळावर, नसलेल्या झाडाखाली बसते.